पर्जन्याचे गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

पुण्यांत शिवाजीनगरास घड्याळाच्या मनोऱ्याची एक मोठी दगडी इमारत आहे. हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून या इमारतींत आली, तेव्हांपासून पुणेकर तिला सिमला ऑफिस म्हणूं लागले. पुढें १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस गेली, पण नांव कांहीं गेलें नाहीं. ज्या थोर गणितज्ञाचें चरित्र आज आमच्या वाचकांपुढें ठेवावयाचें आहे, ते या इमारतींत कधींच बसले नाहींत. ती कचेरी पुण्यास येण्यापूर्वींच ते हिंदुस्थान सोडून गेले होते. परंतु सिमल्याहून जें काम येथें आलें त्याचा पाया त्यांच्या हातचा होता. आणि आज आकाशांतून फिरणारे कृत्रिम उपग्रह देशोदेशींच्या समुद्रकिनाऱ्यांची जी नोंद ठेवतात, तिचा धागाहि मागें मागें जातां त्यांच्याच कोष्टकांपाशीं येऊन पोहोंचतो.

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजीं इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत रॉचडेल या गांवीं झाला. वडील एंजिनियर होते. लंडनच्या सेंट पॉल शाळेंत असतांनाच गिल्बर्टला फिरणाऱ्या भोंवऱ्यांच्या गतीचें वेड लागलें. तेथून तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गेला आणि १८८९ सालीं गणिताच्या परीक्षेंत पहिला येऊन सीनियर रँग्लर झाला. हाच मान पुढें दहा वर्षांनीं आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं मिळविला, म्हणून ही पदवी महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. ती मिळविण्यास केवढें कष्ट पडत तें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. वॉकर यांची प्रकृति त्या कष्टांनीं ढासळली, आणि विश्रांतीसाठीं त्यांना तीन हिवाळे स्वित्झर्लंडांत काढावे लागले. तेथें ते बर्फावर घसरत फिरण्याच्या खेळांत तरबेज झाले. दुखण्यांतूनहि कांहीं शिकून येणारा हा मनुष्य होता.

बूमरँग म्हणजे ऑस्ट्रेलियांतील मूळच्या रहिवाशांचें फेंकण्याचें वांकडें लांकूड. बेतानें फेंकलें असतां तें हवेंत वळसा घेऊन फेंकणाराकडे परत येतें. केंब्रिजच्या नदीकाठच्या हिरवळीवर वॉकर हा खेळ इतका खेळत कीं, स्नेह्यांनीं त्यांचें नांवच बूमरँग वॉकर ठेवलें. पण खेळ खेळतांनाहि त्यांतील गणित त्यांच्या डोक्यांत चालूंच असे. लांकूड परत कां येतें याविषयींचा त्यांचा निबंध १८९७ सालीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. बांसरीच्या रचनेंत त्यांनीं सुधारणा केल्या, पक्षी पंख न हालवितां आकाशांत कसे तरंगतात याचाहि अभ्यास केला. गणिती म्हटला कीं खोलींत कोंडून घेतलेला, कोमेजलेला मनुष्य अशी आपली समजूत असते. तिला हे गृहस्थ मोठेच अपवाद होते.

आतां थोडा वेळ केंब्रिज सोडून आपल्या देशाकडे वळलें पाहिजे. १८७७ सालीं दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला होता. तेव्हांपासून पाऊस कसा होईल हें आधीं सांगतां आलें पाहिजे असा सरकारचा आग्रह सुरू झाला. हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे हिमालयावरील बर्फाचें मान पाहून पुढील पावसाळ्याचें अनुमान करीत; बर्फ फार तर पाऊस कमी, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या मागून आलेल्या सर जॉन एलियट यांनीं या अनुमानांचा व्याप फार वाढविला. पण १८९९ सालीं चांगल्या पावसाचें भाकीत त्यांनीं केलें, आणि त्याच सालीं पावसानें दगा दिला. गुजराथ, काठेवाड, राजपुताना, दक्षिण महाराष्ट्र, सारा मुलूख होरपळून निघाला. विक्रम संवताचें तें १९५६ वें वर्ष. म्हणून गुजराथेंत त्या दुष्काळाला छप्पनिया म्हणतात. भाकीत ऐकून ज्यानें घरांतले दाणे विकले असतील, अथवा कडब्याची गंज मोडली असेल, त्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना शेतकऱ्याच्या घरांतील वाचकांस सहज होईल. परीक्षेंत उत्तर चुकलें तर गुण जातात. या उत्तराच्या चुकीनें गुरें आणि माणसें जात होतीं. खात्याची अब्रू इतकी गेली कीं, त्यानंतर कांहीं वर्षें भाकितें गुप्तच ठेवलीं गेलीं.

एलियटसाहेबांनीं आपल्या जागीं माणूस निवडला तो हवामानशास्त्रज्ञ नव्हे, तर गणिती. हवामानाची वॉकर यांस त्या वेळीं कांहींच माहिती नव्हती. त्यांनीं ती गोष्ट लपविली नाहीं. प्रथम युरोप व अमेरिका येथील वेधशाळा पाहिल्या, तेथील जाणत्यांस विचारून घेतलें, आणि मग १९०४ सालीं ते हिंदुस्थानांतील वेधशाळांचे मुख्य अधिकारी झाले. त्याच वर्षीं ते रॉयल सोसायटीचे सभासदहि झाले. पुढचीं वीस वर्षें सिमला हें त्यांचें कार्यस्थान होतें.

वातावरण हें इतकें गुंतागुंतीचें आहे कीं, त्याचीं समीकरणें मांडून पाऊस काढतां येणार नाहीं, हें त्यांनीं लवकरच ओळखलें. तेव्हां कारणांचा नाद तूर्त सोडून आकड्यांसच बोलूं द्यावें, असा मार्ग त्यांनीं धरला. जगांतील शेंकडों ठिकाणच्या नोंदी त्यांनीं गोळा केल्या. बटाव्हिया, डार्विन, मॉरिशस, होनोलुलू येथील हवेचा दाब, नाईल नदीच्या पुराची उंची, हिमालयाचें बर्फ, हिंदुस्थानांतील पाऊस. मग एकेका जोडीचा मेळ पाहण्याचें काम सुरू झालें. तुमच्या वर्गांतील मुलांची उंची व वजन यांची यादी केली, तर उंच मुलगा बहुधा वजनदार निघेल, पण नेहमींच नव्हे. हा बहुधा किती बळकट आहे हें एका संख्येनें सांगण्याची गणितांत रीति आहे. दोन गोष्टी पूर्णपणें बरोबर चालत असतील तर ती संख्या एक येते, पूर्णपणें उलट चालत असतील तर उणें एक, आणि एकमेकींशीं त्यांचा कांहीं संबंध नसेल तर शून्याच्या जवळ येते. गणकयंत्रें तेव्हां नव्हतीं. सिमल्याच्या कचेरींतील हिंदी कारकून हे हिशेब हातानें करीत, आणि एकेका संख्येसाठीं कित्येक वर्षांच्या नोंदींचे गुणाकार करावे लागत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत खात्यांतील बरेच अधिकारी लढाईच्या कामावर गेले, तरी हें दळण थांबलें नाहीं. त्या कारकुनांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें आज कोणास सांगतां येतील.

येथें वॉकरसाहेबांचा एक मोठा गुण सांगितला पाहिजे. शंभर मुलांनीं नाणीं उडविलीं तर एखाद्याला सहा वेळां ओळीनें छापा येईलच. म्हणून त्याच्या हातांत जादू आहे असें होत नाहीं. तसेंच शेंकडों जोड्या तपासल्या कीं, त्यांतील कांहीं केवळ योगायोगानें जुळणारच. त्या काळीं सूर्यावरील डागांपासून पावसाचें सूत्र काढणारे पुष्कळ होते, आणि प्रत्येकाच्या हातीं जुळणारे आकडे होते. किती जोड्या तपासल्या हें ध्यानांत घेऊन मगच एखादा मेळ खरा मानावा, अशी कसोटी वॉकर यांनीं १९१४ सालीं घालून दिली, आणि ती प्रथम स्वतःच्या कोष्टकांस लाविली.

याच सुमाराची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी अशी आहे. १९१३ च्या फेब्रुवारी महिन्यांत ते कामानिमित्त मद्रासला गेले असतां, तेथील बंदर खात्याच्या प्रमुखांनीं आपल्या कचेरींतील एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखविल्या. हा कारकून दरमहा तीस रुपयांवर हिशेब लिहीत असे. वह्यांतील विषय वॉकर यांच्या अभ्यासाचा नव्हता. तरी हें काम असामान्य आहे हें त्यांनीं जाणलें, आणि या तरुणास पोटाच्या चिंतेंतून मोकळें करून कांहीं वर्षें केवळ गणितास वाहून घेऊं द्यावें अशी शिफारस मद्रास विद्यापीठाकडे लिहून पाठविली. विद्यापीठानें दरमहा पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ति दोन वर्षांसाठीं मंजूर केली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन्.

सिमल्याच्या वीस वर्षांचें फळ १९२३ व १९२४ सालच्या निबंधांत बाहेर आलें. त्यांत तीन मोठे झोपाळे वॉकर यांनीं दाखवून दिले. पहिला उत्तर अटलांटिकवर, दुसरा उत्तर पॅसिफिकवर. तिसरा सर्वांत विशाल; त्यास त्यांनीं दक्षिणी दोलन असें नांव दिलें. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला कीं आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि इकडे पाऊस चांगला होतो. तिकडचें पारडें उतरलें कीं इकडचें चढतें, आणि पाऊस ओढ देतो. पृथ्वीच्या अर्ध्या घेरावर पसरलेला हा तराजू एका टेबलाशीं बसून, केवळ कागदावरच्या आकड्यांवरून त्यांनीं ओळखला. त्यांच्यापूर्वीं अशा उलटसुलट दाबाची चाहूल दोघांतिघांस लागली होती. पण तिचा आवांका प्रथम वॉकर यांनींच मोजला.

तराजू दिसला, पण तो कोण हालवितो हें दिसलें नाहीं, आणि दिसलें असें म्हणण्याचा मोह त्यांना झाला नाहीं. १९२४ सालीं ते निवृत्त झाले. त्यांस सर ही पदवी मिळाली, आणि पुढें दहा वर्षें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत त्यांनीं हवामानशास्त्राचें अध्यापन केलें. परंतु ज्यासाठीं त्यांस हिंदुस्थानांत आणलें होतें, तें पावसाचें खात्रीचें भाकीत त्यांच्या हातून झालें नाहीं. १९१८ सालीं, त्यांच्याच कारकीर्दींत, पावसानें पुन्हां मोठी ओढ दिली. त्यांच्या सूत्रांतील कित्येक मेळ पुढील वर्षांत ढिले पडले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजीं वयाच्या नव्वदाव्या वर्षीं ते वारले, तेव्हां निघालेल्या एका मृत्युलेखांत, या कामांतून जगाच्या हवामानाचा उलगडा होईल ही त्यांची आशा सफळ झालेली दिसत नाहीं, असाच अभिप्राय पडला.

तो अभिप्राय लिहिला जात असतांना उत्तर समुद्रांत तरंगत होतें. जुलै १९५७ पासून १९५८ अखेर जगांतील अनेक राष्ट्रांनीं मिळून पृथ्वीची पाहणी चालविली होती. तिच्यांतच ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. योगायोग असा कीं, त्याच अवधींत पॅसिफिक महासागरावर एल निनो आला होता. एल निनो हें नांव दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या कोळ्यांचें. नाताळच्या सुमारास किनाऱ्यालगत उबदार पाण्याचा प्रवाह येई, म्हणून त्यांनीं त्याला बाळ येशूचें नांव दिलें. ती किनाऱ्यावरची स्थानिक गोष्ट मानीत. १९५७ च्या नोंदींत मात्र ऊन पाणी किनाऱ्यापासून महासागराच्या मध्यापर्यंत पसरलेलें आढळलें. जेकब ब्येर्कनेस या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनीं त्या नोंदी वॉकर यांच्या तराजूशेजारीं ठेवल्या, आणि १९६९ सालीं दोहोंचा सांधा जुळविला.

एरवीं विषुववृत्तावर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, आणि पृष्ठभागावरचें ऊन पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटतात. पेरूच्या किनाऱ्याशीं त्याची जागा भरण्यास तळांतलें थंड, खतानें भरलेलें पाणी वर येतें. त्यावर सूक्ष्म वनस्पति वाढतात, आणि त्यांवर मासळी. वारे मंदावले कीं ऊन पाणी पूर्वेकडे परत सरकतें, थंड पाण्याचा उमाळा थांबतो, पाऊसहि त्या पाण्यामागून पूर्वेकडे जातो, आणि पश्चिमेकडे हवेचा दाब चढतो. दाब, वारा आणि समुद्र एकमेकांस ढकलीत असतात. वॉकर यांच्या कोष्टकांत समुद्राचा वांटा नव्हता, कारण एवढ्या पाण्यावर नोंद घेण्यास कोणी बसलेलें नव्हतें. ब्येर्कनेस यांनीं विषुववृत्तावरील या वाऱ्याच्या चक्रास वॉकर यांचेंच नांव दिलें.

हें समजूनहि किनारा सावध झाला नाहीं. पेरूचे कोळी १९७० सालीं एक कोटी टनांहून अधिक मासळी काढीत होते. १९७२ च्या एल निनोनंतर, १९७३ सालीं, ती वीस लाख टनांच्याहि खालीं आली. दोष केवळ उन पाण्याचा नव्हता. माणसांनींहि समुद्र खरवडून काढला होता. पुढें १९८२ सालीं तर उपग्रह आकाशांत असूनहि फसगत झाली. त्या वर्षीं वसंत ऋतूंत मेक्सिकोंतील एल चिचोन ज्वालामुखी उसळला. त्याची धूळ व वाफ उंच हवेंत पसरून उपग्रहाच्या दृष्टीआड पडदा आला, आणि तापत चाललेला समुद्र त्यास थंड दिसला. शतकांतला एक सर्वांत जबर एल निनो चालून येत असतां जाणते लोक ऑक्टोबरपर्यंत शंका घेत बसले होते. तेव्हांपासून पाण्यांतच यंत्रें ठेवण्याची व्यवस्था झाली. १९९४ अखेर विषुववृत्तावर पॅसिफिकभर सुमारें सत्तर तरंगत्या वेधशाळा नांगरल्या गेल्या. वरच्या डोळ्यास खालून साक्ष हवी असते, हें वॉकर यांच्या कसोटीशीं जुळणारेंच आहे.

१० ऑगस्ट १९९२ रोजीं अमेरिका व फ्रान्स यांनीं टोपेक्स-पोसायडन नांवाचा उपग्रह सोडला. सुमारें १,३०० किलोमीटर उंचीवरून तो समुद्राकडे रेडिओलहरींचा ठोका सोडी, आणि प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या वेळावरून पाण्याची उंची कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक काढी. ऊन पाणी फुगतें; म्हणून जेथें समुद्र उंच, तेथें खालीं ऊब साठलेली. दर दहा दिवसांनीं साऱ्या महासागरांचा असा नकाशा होई. १९९७ च्या आरंभीं या नकाशांवर उन पाण्याचा एक फुगवटा इंडोनेशियाच्या बाजूकडून निघून विषुववृत्तानें पूर्वेकडे सरकतांना दिसला. पॅसिफिक ओलांडण्यास अशा लाटेस सुमारें दोन महिने लागतात. अमेरिकेच्या भूमीस लागतांच ती दुभंगून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस व दक्षिणेस पसरली, आणि वर्षअखेरीस पेरूपाशीं समुद्र नेहमींपेक्षां फूटभर चढलेला होता. त्याच ऑगस्टांत सोडलेल्या दुसऱ्या एका उपग्रहानें पाण्याचा रंग पाहिला. विषुववृत्ताजवळची वनस्पतींची हिरवी झांक पुसट झाली होती. १९९८ च्या मध्यास थंड पाणी वर येतांच ती पुन्हां दाट झाली. वॉकर यांनीं आकड्यांत ओळखलेलें पारडें चढतां-उतरतांना प्रथमच डोळ्यांनीं दिसलें.

या पद्धतीचा एक कच्चा दुवा आहे, आणि तो नेमका किनाऱ्याशींच आहे. उपग्रहाचा ठोका पाण्यावर कित्येक किलोमीटर रुंद पसरतो; किनारा जवळ आला कीं त्यांत जमिनीचाहि प्रतिध्वनि मिसळतो, आणि जेथें होड्या व माणसें आहेत तेथेंच माप बिघडतें. हा दोष कमी करण्यास अधिक बारीक लहरींचें यंत्र घेऊन भारत व फ्रान्स यांचा सरल नांवाचा उपग्रह २०१३ च्या फेब्रुवारींत मद्रासच्या उत्तरेस श्रीहरिकोट्याहून उडाला. वॉकर यांनीं रामानुजन् यांच्या वह्या पाहिल्या, त्याला त्या महिन्यांत बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

आपल्या किनाऱ्यालाहि या नोंदींचा उपयोग होतो. उपग्रहांनीं पाहिलेलें पाण्याचें उष्णतामान व रंग यांवरून मासळी कोठें सांपडण्याचा संभव आहे याची सूचना हैद्राबादचें महासागर माहिती केंद्र कोंकणांतील व गोव्यांतील मच्छीमारांस देतें. केरळच्या किनाऱ्यावर २०१५ च्या सुमारास तारलीचा हंगाम बसला, तेव्हां कोचीनच्या मत्स्य संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्याचा संबंध एल निनोशीं जोडला.

पण पावसाचें काय? १९९७ चा एल निनो एवढा जबर असतां हिंदुस्थानांत दुष्काळ पडेल असें पुष्कळांस वाटलें, आणि पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्याच सालीं सुमात्राच्या किनाऱ्याशीं समुद्र थंड व आफ्रिकेच्या बाजूस ऊन झाल्याचें उपग्रहांनीं टिपलें होतें. हिंदी महासागराचा हा स्वतःचा लहान तराजू १९९९ सालीं शास्त्रज्ञांनीं ओळखला, आणि त्यानेंच त्या वर्षीं आपला पाऊस राखला असें कित्येक मानतात. उलट २००२ सालीं एल निनो तितका मोठा नव्हता. खात्यानें सूत्रांवरून १०१ टक्क्यांचें भाकीत केलें. जुलै महिन्यांत पावसानें मोठी ओढ दिली, आणि हंगामअखेर पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. दुसऱ्या वर्षीं खात्यानें तें जुनें सूत्र बाजूस ठेवून नवीं सूत्रें घेतलीं.